बॉर्डर कॉलीची पैदास कोणाच्या निकालावर?

कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवून प्रदर्शने भरवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने १९९५ मध्ये बॉर्डर कॉली या मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्याला आपल्या प्रदर्शनांत पूर्ण मान्यता दिली, तेव्हा या कुत्र्यांवर ज्यांचे पोट होते आणि ज्यांचा त्यांच्यावर सर्वांत जास्त जीव होता, तीच माणसे त्या मान्यतेच्या विरोधात उभी राहिली. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे, कारण एरवी आपल्या आवडत्या जातीला मान्यता मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षे खेटे घालतात. १९५५ पासून चाळीस वर्षे बॉर्डर कॉली त्या क्लबच्या संकीर्ण वर्गात, म्हणजे पूर्ण मान्यता न मिळालेल्या जातींच्या वर्गात होता आणि मेंढ्या-गुरे राखणाऱ्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. त्यांचा आक्षेप किताबाला नव्हता, किताबामागून येणाऱ्या पैदाशीला होता. कुत्रा दिसतो कसा यावर बक्षिसे मिळू लागली की पुढच्या पिढीचे आईबाप त्याच हिशेबाने निवडले जातात, आणि मग काही दशकांत नाव तेच राहते, रंग तोच राहतो, पण कुत्रा दुसराच होतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बॉर्डर कॉली असोसिएशनने तर पुढे नियमच केला की प्रदर्शनात सौंदर्याचा विजेता ठरलेल्या कुत्र्याला आपल्या नोंदवहीत जागा नाही.

हा नियम कठोर आहे, काहींना तो सोवळेपणाचाही वाटतो. तरीही मला तो बरोबर वाटतो. एखाद्या कामकरी जातीचा वंश कोणी पुढे न्यायचा, हे तिच्या कामावरूनच ठरले पाहिजे आणि प्रदर्शनातील किताबाला त्या निर्णयात स्थान असता कामा नये, एवढेच मला येथे मांडायचे आहे. ‘आमची कुत्री दिसायलाही सुंदर, खेळातही पुढे आणि मेंढ्यांवरही तरबेज’ असे सांगणाऱ्या अष्टपैलू पैदाशीच्या दाव्याकडेही याच कसोटीने पाहावे लागते, कारण आज खरा वाद त्याच दाव्याभोवती आहे. निव्वळ रूपासाठी पैदास करतो असे उघडपणे म्हणणारा पैदासकार आता क्वचितच भेटतो.

हा कुत्रा घडला कसा, ते आधी पाहू. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरच्या टेकड्यांत, नॉर्थम्बरलँडमधील वेस्ट वुडबर्न येथे, अ‍ॅडम टेलफर या शेतकऱ्याकडे सप्टेंबर १८९३ मध्ये हेम्प नावाचे पिल्लू जन्मले. त्याचा बाप रॉय मोकळ्या स्वभावाचा, नजरेचा जोर बेताचाच असलेला होता. आई मेग काळीभोर, बुजरी आणि मेंढ्यांवर नजर रोखली की जागीच खिळून जाणारी होती. दोघांपैकी एकही कुत्रा अव्वल दर्जाचा मानला जात नव्हता. मात्र त्यांच्या पोटी आलेला हेम्प भुंकणे, चावणे, धावपळ यांपैकी काहीही न करता केवळ नजरेने आणि चालीने कळप हलवत असे. त्या काळी मेंढ्या हाकणारे बहुतेक कुत्रे आरडाओरडा करणारे आणि दांडगट असत, आणि दांडगट कुत्र्यापुढे मेंढ्या बिथरतात, धावतात, त्यांचे वजन उतरते, गाभण मेंढ्या गाभडतात. हेम्पचे शांत काम पाहून आसपासच्या मेंढपाळांनी आपल्या माद्या त्याच्याकडे आणल्या. १९०१ मध्ये तो मेला, तोवर त्याची सुमारे दोनशे पिल्ले झाली होती, आणि आजचा जवळपास प्रत्येक बॉर्डर कॉली मागे मागे गेल्यास त्याच्यापर्यंत पोचतो. त्याची उंची किती होती आणि कान कसे होते, हे त्या मेंढपाळांपैकी कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

निवडीची ही पद्धत पुढे संस्थांमध्ये उतरली. वेल्समधील बाला येथे १८७३ मध्ये मेंढ्या हाकण्याची ब्रिटनमधली पहिली जाहीर स्पर्धा झाली होती. ती वेल्समध्ये स्थायिक झालेल्या एका स्कॉटिश माणसाच्या ट्वीड नावाच्या कुत्र्याने जिंकली. १९०६ मध्ये इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी स्थापन झाली. या सोसायटीने वंशावळी काटेकोरपणे जपल्या, पण आदर्श कुत्र्याचे रूपवर्णन आजतागायत लिहिले नाही. त्यामुळे तिच्या नोंदवहीत आखूड केसांचे आणि झुपकेदार केसांचे, उभ्या कानांचे आणि पडक्या कानांचे, काळे-पांढरे, तांबूस, तीनरंगी असे सगळे शेजारी शेजारी नांदतात. प्रदर्शनाच्या चष्म्यातून पाहिले तर ही बेशिस्त आहे. मेंढपाळाच्या दृष्टीने ज्या गोष्टीचा कामाशी संबंध नाही तिच्यावर निवडीची शक्ती वाया न घालवण्याचा तो शहाणपणा आहे. या सोसायटीतली एक तरतूद मला विशेष महत्त्वाची वाटते. ज्या कुत्र्याची वंशावळ नोंदलेलीच नाही, असा कुत्राही परीक्षकांपुढे काम करून दाखवून आणि आरोग्याच्या तपासण्यांतून पार पडून गुणवत्तेच्या बळावर नोंदला जाऊ शकतो. कागद कामाच्या मागे चालतो, हे तत्त्व त्या एका तरतुदीत नियम म्हणून लिहिलेले आहे. बहुतेक केनेल क्लबांच्या नोंदवह्यांत याच्या उलट चालते. आईबाप नोंदलेले असले म्हणजे पिल्लू नोंदले जाते, मग ते काही करो वा न करो.

आता काम म्हणजे नेमके काय, ते थोडे तपशिलात पाहिले पाहिजे, कारण या वादातील बहुतेक गैरसमज तेथेच आहेत. मेंढ्या हाकणे म्हणजे मेंढ्यांमागे धावणे, असे दुरून वाटते. राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धेत कुत्र्याला मालकाच्या पायांपासून सुमारे चारशे यार्ड दूर असलेल्या मेंढ्यांकडे सोडले जाते. तो सरळ धावला तर मेंढ्या पलीकडे पळून जातील, म्हणून त्याने बाहेरून मोठा वळसा घालून त्यांच्या मागे पोचायचे असते. याला आउटरन म्हणतात. मग येतो तो क्षण ज्याला लिफ्ट म्हणतात, म्हणजे कुत्रा आणि कळप यांची पहिली भेट. अनुभवी परीक्षक याच क्षणाकडे डोळे लावून बसतात, कारण कुत्र्याच्या येण्यात दांडगाई असेल तर मेंढ्या उधळतात आणि त्याच्यात दम नसेल तर त्या जागच्या हलत नाहीत, पाय आपटून उलट त्याच्यावरच येतात. त्यानंतर कळप सरळ रेषेत मालकाकडे आणायचा, आणि पुढे तोच कळप मालकापासून दूर न्यायचा. हे दूर नेणे कुत्र्याच्या उपजत ओढीच्या विरुद्ध असते, कारण त्याचे रक्त त्याला सारखे कळप मालकाकडे वळवायला सांगत असते. म्हणूनच एका परीक्षकाच्या ११० गुणांपैकी ३० गुण या एकट्या टप्प्याला आहेत. कळपातून ठरावीक मेंढ्या वेगळ्या काढणे आणि सर्वांना वाड्यात घालणे अजून शिल्लकच असते. सर्वोच्च आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत तर दहा मेंढ्यांचा एक कळप आणून झाल्यावर तो तेथेच सोडून, मागे वळून, अजून न दिसलेल्या दुसऱ्या दहा मेंढ्यांचा शोध घ्यावा लागतो, आणि शेवटी वीसांतून गळ्यात पट्टा असलेल्या पाच राखून बाकीच्या पंधरा वेगळ्या काढाव्या लागतात.

या सगळ्यात कुत्र्याकडून जे मागितले जाते ते परस्परविरोधी आहे. मेंढ्यांकडे झेपावण्याची तीव्र ओढ हवी आणि एका शिटीसरशी तीच ओढ आवरण्याची तयारीही हवी. आज्ञा पाळायला हवी, पण टेकडीच्या पलीकडे जेथे मालक दिसत नाही आणि शिटी ऐकू येत नाही तेथे स्वतःच्या बुद्धीने निर्णयही घ्यायला हवा, प्रसंगी चुकीची आज्ञा मोडायलाही हवी. जोर हवा, पण तो वापरण्याची घाई नको. असे समतोल गुण एकत्र येणे दुर्मीळ असते आणि पिढीगणिक ते विसकटत जातात. उत्तम आईबापांच्या एका वेतात सगळीच पिल्ले उत्तम निघत नाहीत, हे प्रत्येक मेंढपाळाला ठाऊक आहे. म्हणून दर पिढीत पुन्हा पारख करावी लागते, आणि ती पारख न झालेल्या दोन-चार पिढ्यांनंतर काय उरले आहे हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

प्रदर्शनाच्या रिंगणात यातले काय दिसते? परीक्षक कुत्र्याला उभे करून त्याचे दात, खांदे, पाठ, मागचे पाय हाताने तपासतो, त्याला गालिच्यावर वर्तुळात आणि सरळ रेषेत पळवतो, आणि काही मिनिटांत निकाल देतो. त्या मिनिटांत कुत्र्याने बुजू नये, भुंकू नये, परक्या माणसाचा हात लागू द्यावा, केसांची चमक दाखवावी आणि मालकाच्या हातातल्या खाऊकडे उत्सुकतेने पाहावे, एवढेच अपेक्षित असते. परीक्षक अप्रामाणिक असतो असे मला मुळीच म्हणायचे नाही. तो जाणकार असला, प्रामाणिक असला, तरी त्याच्यासमोर पुरावाच अपुरा आहे. स्वीडनमध्ये ३१ जातींच्या १३,००० हून अधिक कुत्र्यांच्या वर्तनचाचण्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या जातीचे आजचे वर्तन तिच्या ऐतिहासिक कामाशी जुळत नाही, तर अलीकडच्या काळात तिची निवड कशासाठी झाली त्याच्याशी जुळते, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्या जातींत प्रदर्शनाचा वापर अधिक, त्यांत भित्रेपणा अधिक आणि खेळकरपणा कमी आढळला. पूर्वजांचा पराक्रम वंशावळीत लिहिलेला असला म्हणून तो आजच्या पिल्लात उतरतोच असे नाही, हे यापेक्षा स्पष्ट शब्दांत सांगण्याची गरज नसावी.

याचे ऐतिहासिक उदाहरण बॉर्डर कॉलीच्या घरातच आहे. लांब तोंडाचा, भरगच्च आयाळीचा रफ कॉली हा याच स्कॉटिश मेंढीराख्या कुत्र्यांतून निघालेला सख्खा भाऊबंद. १८६० मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात ‘स्कॉच शीपडॉग’ असा वर्ग ठेवला गेला. त्याच दशकात राणी व्हिक्टोरियाने बाल्मोरलला हे कुत्रे पाळले आणि त्यांना फॅशनचे वलय आले. पुढच्या दीडशे वर्षांत एक भाऊ टेकडीवर राहिला, दुसरा रिंगणात. रिंगणातल्या भावाचे डोके अरुंद आणि लांब होत गेले, केस वाढत गेले, आणि आज डोंगरावर मेंढ्या राखणारा कोणी माणूस त्याला कामासाठी मागत नाही. कॉली आय अ‍ॅनॉमली हा डोळ्यांचा आनुवंशिक दोष त्याच्यात बहुसंख्येने आढळतो. आयव्हरमेक्टिनसारख्या जंतनाशक औषधांच्या मोठ्या मात्रा धोक्याच्या ठरवणारा जनुकीय दोषही सुमारे ७० टक्के रफ कॉलींमध्ये असतो, तर बॉर्डर कॉलींमध्ये तो विरळ आहे. या दोषाचे मूळ प्रदर्शनात आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तो बहुधा १९व्या शतकाच्या मध्यावरील एखाद्याच पूर्वजापासून आलेला आहे; पण तो एवढा पसरला तो मोजक्या सुंदर नरांवर सारा वंश उभा केल्यामुळे, असे मानायला भरपूर जागा आहे.

प्रदर्शनाच्या बाजूचे युक्तिवाद हलके नाहीत. शरीराची ठेवण महत्त्वाची असते हे खरेच आहे. खांदा सरळ, मागचा पाय कमजोर असलेला कुत्रा दिवसाकाठी डोंगरात मैलोन्‌मैल धावू शकत नाही. मात्र ठेवण पारखण्यासाठी गालिचा कशाला हवा? आठ-दहा वर्षे टेकडीवर राबून शेवटपर्यंत पाय शाबूत राहिलेल्या मादीची ठेवण कोणत्याही परीक्षकाच्या हातापेक्षा अधिक कसाने तपासली गेलेली असते, आणि कंबरेच्या सांध्याचा दोष क्ष-किरणातच दिसतो, रिंगणात दिसत नाही. दुसरा युक्तिवाद असा की प्रदर्शनवाल्यांनीच आरोग्याच्या तपासण्या मनावर घेतल्या, शेतकरी त्याबाबत निष्काळजी होते. यात तथ्य आहे. अनेक शेतांवर जनुकीय चाचणीचे नाव निघाले की आजही खांदे उडवले जातात. परंतु रक्ताची चाचणी ही कोणत्याही पैदासकाराला करता येते. तिच्यासाठी सौंदर्याचा किताब लागत नाही.

तिसरा युक्तिवाद अष्टपैलूपणाचा, आणि तो सर्वांत आकर्षक आहे. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९७६ मध्ये बॉर्डर कॉलीला मान्यता देताना मेंढपाळांचा संशय काहीसा मान्य केला आणि म्हणून आजही तेथे प्रदर्शनातली आवश्यक प्रमाणपत्रे मिळवलेला बॉर्डर कॉली फक्त ‘शो चॅम्पियन’ होतो. नुसता ‘चॅम्पियन’ म्हणवून घ्यायला त्याला मेंढ्यांवरची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. रूप आणि काम यांचा हा समेट वरवर शहाणपणाचा दिसतो. पण येथे उत्तीर्ण होणे आणि निवडले जाणे यांतला फरक हरवतो. पस्तीस टक्क्यांना उत्तीर्ण करणारी परीक्षा घेऊन गुणवत्ता यादी मात्र हस्ताक्षरावरून लावली, तर काही वर्षांत हस्ताक्षर सुधारेल आणि गणित पस्तीस टक्क्यांवर येऊन थांबेल. पैदाशीतही जो गुण उमेदवारांची क्रमवारी लावतो तोच वाढतो, आणि ज्या गुणाची केवळ किमान पातळी मागितली जाते तो त्या पातळीपर्यंत घसरत जातो. मग लहानशा कुंपणात काही मिनिटे मेंढ्यांमागे फिरवून दिले जाणारे ‘उपजत प्रवृत्ती’चे दाखले तर त्या किमान पातळीच्याही खालचे. त्यांवरून कुत्र्याला मेंढ्यांत रस आहे एवढे कळते. तो रस आवरता येतो का, हे कळत नाही.

शिवाय अष्टपैलूपणा आला कोठून, हा प्रश्न त्याचा उदोउदो करणाऱ्यांनी स्वतःला विचारला पाहिजे. अ‍ॅजिलिटीच्या अडथळ्यांच्या शर्यती, आज्ञापालनाच्या स्पर्धा, बर्फात आणि ढिगाऱ्यांत माणसे शोधण्याचे काम, या सर्वांत बॉर्डर कॉली पुढे आहे हे निर्विवाद आहे. परंतु यांपैकी एकाही कामासाठी हेम्पच्या वंशजांची निवड झालेली नव्हती. मेंढ्यांच्या एका अवघड कामासाठी शतकभर जी चाळणी लागली तिच्यातून चपळाई, चिकाटी, माणसाच्या बारीक इशाऱ्याकडे लक्ष आणि शिकण्याची हौस हे गुण सोबत आले. अष्टपैलूपणा हे त्या चाळणीचे जोडउत्पन्न आहे. चाळणी काढून टाकून जोडउत्पन्न तेवढे टिकवू म्हणणाऱ्याला काही पिढ्या जुन्या पुण्याईवर काढता येतील, त्यापुढचे सांगणे कठीण आहे. सर्व कामे बऱ्यापैकी करणारा कुत्रा हवा म्हणून पैदास केली, तर प्रत्येक कामात बऱ्यापैकी असलेला कुत्राच मिळतो.

अलीकडे विज्ञानाचा एक दाखलाही दिला जातो. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून मिळालेल्या माहितीवर आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांच्या जनुकसंचावर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एकेका कुत्र्याच्या वर्तनातील फरकांपैकी केवळ सुमारे नऊ टक्के फरक जातीने समजावून सांगता येतो, असे त्यात आढळले. याचा अर्थ कामाच्या वंशाचे एवढे कौतुक व्यर्थ आहे असा काहींनी लावला. मला त्याचा अर्थ नेमका उलटा दिसतो. जातीचे नाव एवढे थोडे सांगत असेल, तर कागदावरच्या जातीवर विसंबून पैदास करणे आणखीनच धोक्याचे ठरते, आणि प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र पारख अधिकच आवश्यक होते. त्याच अभ्यासात माणसाच्या सूचनेला प्रतिसाद देण्याचा गुण हा इतर गुणांच्या तुलनेत जातीशी अधिक निगडित निघाला, हेही विसरता येणार नाही. तो गुण मेंढपाळाच्या निवडीच्या केंद्रस्थानी होता.

कामाच्या बाजूचे दोष झाकण्याचे मला कारण नाही. स्पर्धा म्हणजे काम नव्हे. हिरवळीच्या मैदानावर पाच शांत मेंढ्या शिटीच्या तालावर फिरवणारा कुत्रा विण्याच्या हंगामात पिलासाठी लढायला उभ्या राहिलेल्या मेंढीपुढे कच खाऊ शकतो, आणि केवळ स्पर्धांच्या निकालांवर पैदास करणाऱ्यांनी नजरेचा जोर इतका वाढवला की काही कुत्री मेंढ्या पाहताच दगडासारखी खिळून बसतात, अशी तक्रार डोंगरातले मेंढपाळ पूर्वीपासून करत आले आहेत. एकाच विजेत्या नराच्या मागे धावण्याचा मोहही येथे आहे. १९६५ ची सर्वोच्च आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकलेल्या विस्टन कॅपकडे एवढ्या माद्या गेल्या की आजच्या कामकरी वंशावळींत तो टाळू म्हटले तरी टाळता येत नाही. नर कितीही थोर असला तरी त्याच्यातले दडलेले दोष त्याच्या थोरवीबरोबरच वाटले जातात. कॉली आय अ‍ॅनॉमली हा डोळ्यांचा दोष बॉर्डर कॉलीतही आहे, आणि बालवयातच प्रतिकारशक्ती ढासळवणारा किंवा मेंदूच्या पेशी नासवणारा असे इतरही आनुवंशिक आजार आहेत. म्हणून कामाच्या चाळणीबरोबर जनुकीय चाचणी सक्तीची असावी आणि एका नराच्या वेतांवर मर्यादा असावी, असे माझे मत आहे. पण या दोषांचा इलाज कामाची परीक्षा अधिक खरी करणे हा आहे. चुकीची मोजपट्टी दुरुस्त करता येते. ज्या मोजपट्टीवर त्या गुणाच्या खुणाच नाहीत, तिचे काय करणार?

बाजार याबाबत संस्थांपेक्षा स्पष्ट बोलतो. वेल्समधील डॉल्गेलाय येथे २०२१ मध्ये ऑनलाइन लिलावात जेमतेम वर्षभराची एक प्रशिक्षित कुत्री २७,१०० पौंडांना विकली गेली. घेणाऱ्याने पैसे मोजले ते तिच्या कामासाठी. डोंगराळ भागात एक चांगला कुत्रा अनेक माणसांचे काम करतो आणि माणसे मिळेनाशी झाली आहेत, हा त्यामागचा साधा हिशेब. मेंढपाळीच संपत चालली आहे, तेव्हा कामाचा आग्रह कशाला, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा पाहावा.

तरीही जगातील बहुसंख्य बॉर्डर कॉली आज घरांत राहतात, शेतांवर नव्हे, हे सत्य उरतेच, आणि येथे हा विषय पुण्या-मुंबईपर्यंत येतो. १९९४ मध्ये आज्ञापालन-स्पर्धांच्या परीक्षकांना विचारून केलेल्या एका क्रमवारीत बॉर्डर कॉली पहिला आला. पुढे चेसर नावाच्या कुत्रीने हजारांहून अधिक खेळण्यांची नावे शिकल्याचे प्रसिद्ध झाले, आणि ‘सर्वांत हुशार कुत्रा’ ही त्याची ओळख जगभर पक्की झाली. आपल्याकडेही ती जाहिरातीत येते. दोन खोल्यांच्या सदनिकेत, नोकरीमुळे दिवसभर बंद असलेल्या घरात आणि एप्रिलच्या उन्हात हा कुत्रा आणणाऱ्याला हे सांगितले जात नाही की त्याची हुशारी ही रिकाम्या वेळेची हौस नसून कामाची भूक आहे, आणि काम मिळाले नाही तर तो सायकली, सावल्या, धावणारी मुले यांनाच मेंढ्या समजून वळवू लागतो. हा कुत्रा वाढवणाऱ्याने त्याला दमवण्यापेक्षा थांबायला शिकवणे अधिक गरजेचे असते. जाणता मेंढपाळ पिल्लाला पहिले काही महिने मेंढ्यांपासून दूर ठेवतो, मेंढ्यांना वळसा घालण्याइतका वेग अंगात येईपर्यंत त्याला कळपावर सोडत नाही, आणि काम नसताना गपगुमान पडून राहण्याची सवय लावतो. चांगल्या कामकरी कुत्र्याची खूण त्याच्या या विश्रांतीत असते. अष्टौप्रहर बेचैन असलेले पिल्लू ‘हाय ड्राइव्ह’, म्हणजे कामाची जबर ओढ असलेले, म्हणून चढ्या भावाने विकणारा एक तर अजाण असतो किंवा चलाख.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांनी पैदासकाराची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी, आठ आठवड्यांखालील पिल्लांच्या विक्रीला बंदी, मादीच्या वयाची आणि वेतांची मर्यादा अशा किमान गोष्टी आणल्या आहेत. त्या आवश्यक आहेत, पण त्यांच्यात पिल्लाच्या आईबापांची पारख कशावर झाली हे ग्राहकाला कळवण्याची काही सोय नाही. ती व्हावी. परदेशी विजेत्याचा नातू असल्याचा कागद पुरेसा मानू नये. डोळ्यांची, सांध्यांची, जनुकीय दोषांची तपासणी झाली का आणि आईबाप प्रत्यक्षात कोणते काम करतात, हे विक्रीपत्रावर लिहिणे बंधनकारक असावे. दोन मर्ल रंगाच्या, म्हणजे फिकट अंगावर गडद ठिपके-डाग असलेल्या, कुत्र्यांच्या संकरातून बहिरी आणि अंध पिल्ले जन्मू शकतात हे माहीत असूनही दुर्मीळ रंगाच्या हव्यासापोटी असे संकर होतात, त्यांवर तर सरळ बंदी हवी. आणि ज्याला घरात फक्त सोबत हवी आहे त्याने हा कुत्रा घेऊ नये, हे सांगण्यात मला कोणताही संकोच वाटत नाही. त्याच्या सोयीसाठी बॉर्डर कॉलीची भूक पिढ्यान्‌पिढ्या कमी करत जाण्यापेक्षा मुळातच कमी भूक असलेला कुत्रा त्याला शोधून देणे सोपे आहे.

देशी जातींच्या बाबतीत आपण याच वळणावर उभे आहोत, म्हणून हा परका वाद आपल्या कामाचा आहे. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिकारी कुत्र्याला कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने अधिकृत जात म्हणून नोंदले आहे आणि मुधोळजवळ तिम्मापूरला त्याचे संशोधन केंद्रही आहे. मात्र ससा पकडणे हे त्याचे मूळ काम १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरले आहे, आणि ते योग्यच आहे. तेथे कामाची कसोटी नव्याने शोधावी लागेल, कदाचित खोट्या सावजामागच्या दौडीच्या रूपात, आणि तिच्या मर्यादा मान्य करूनच. हिमाचलच्या गद्दी कुत्र्याची गोष्ट वेगळी आहे. २०२५ मध्ये त्याची नोंद झाली, आणि त्याचे काम, म्हणजे बिबट्यापासून कळप राखणे, आजही चालू आहे. आपल्या धनगरांच्या कुत्र्यांसारखाच तोही कळप हाकण्याऐवजी राखतो, त्यामुळे बॉर्डर कॉलीच्या स्पर्धेची नक्कल तेथे उपयोगाची नाही. पण कोणत्या कुत्र्यांपासून पुढचे वेत घ्यायचे, हे कळपाबरोबर चालणाऱ्या माणसांनीच ठरवले पाहिजे. गद्दी मेंढपाळ उन्हाळाभर उंच कुरणांत असतात आणि हिवाळ्यात कांग्राच्या बाजूला खाली उतरतात. या जातीच्या पैदाशीचे नियम ठरवणारी बैठक घ्यायची असेल, तर ती हिवाळ्यात आणि तेथेच घ्यावी.